हॉस्पिटलचा नकाशा काढायच्या आधी: ॲबोरिजिनल आणि स्थानिक लोकांना प्लॅनिंगमध्ये घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं

सिडनीत हॉस्पिटल प्रोजेक्टवर काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत, कोणी इंजिनिअर, कोणी प्रोजेक्ट मॅनेजर, कोणी नर्स जिला युजर ग्रुपमध्ये (इमारत वापरणाऱ्यांचं मत घेणाऱ्या गटात) बसवलंय, आणि गेली काही वर्षं मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो की "अरे आमच्या प्रोजेक्टला ॲबोरिजिनल कन्सल्टेशन (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी सल्लामसलत) करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेक वेळा हा फोन येतो तोवर ड्रॉइंग होऊन गेलेली असतात. वरातीमागून घोडं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी न्यू साऊथ वेल्सबद्दलच लिहितोय कारण माझं काम तिथलं, बाकी राज्यांत कायदे वेगळे आहेत, पण माणसांशी बोलायची रीत सगळीकडे जवळपास तीच.

आधी गडचिरोली

आपल्या लोकांना हा विषय समजावताना मी ऑस्ट्रेलियापासून सुरू करतच नाही, गडचिरोलीपासून करतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'चं काम तुम्हाला माहीत असेलच. तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, तर उत्तरं काय आली? इमारत एवढी मोठी की आत हरवायला होतं, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो, शिवाय नातेवाईकांना रात्री थांबू देत नाहीत. मग विचारलं की तुमचा दवाखाना कसा असावा. त्यातून १९९० च्या दशकात शोधग्राममध्ये झोपड्यांसारखं, गावासारखं हॉस्पिटल उभं राहिलं, नातेवाईक सोबत राहतील असं, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना, कारण देवी त्यांची.

यातला क्रम बघा. आधी "का येत नाही" विचारलं, मग "कसा असावा" विचारलं, आणि त्यानंतर बांधलं. आपण मोठ्या प्रोजेक्टवर उलटं करतो, आधी बांधायचं ठरवतो आणि शेवटी विचारतो की लॉबीत कुठलं पेंटिंग लावू.

पहिलं काम: जमीन कोणाची, आणि पेशंट कुठले

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते हमखास एक करतात.

जमिनीचं आधी. सिडनीच्या मध्यावर गॅडिगल लोकांची जमीन, पश्चिमेला धारूग, दक्षिणेला धारावल (हो, कानाला आपल्या धारावीसारखं लागतं, मीटिंगमध्ये विनोद करू नका). इथे 'कंट्री' हा शब्द देश या अर्थाने येत नाही, जमीन, पाणी, आकाश, पूर्वज, सगळं त्यात आलं. आणि प्रत्येक ठिकाणी तुम्हाला किमान तीन दारं ठोठवायची आहेत. एक, लोकल ॲबोरिजिनल लँड काउन्सिल, ही १९८३ च्या लँड राइट्स कायद्याने झालेली संस्था, राज्यात अशा १२० च्या आसपास आहेत. दोन, तिथले ट्रॅडिशनल ओनर्स म्हणजे ज्यांचे पूर्वज त्याच जमिनीवरचे. लँड काउन्सिलचे सभासद त्या भागात राहणारे ॲबोरिजिनल लोक असतात, पण सगळेच त्या जमिनीचे वंशज असतील असं नाही, त्यामुळे एकाला विचारलं म्हणजे दुसऱ्याला विचारलं असं होत नाही, आणि हे न कळल्यामुळे पहिल्याच महिन्यात रुसवेफुगवे झालेले मी पाहिलेत. तिसरं दार म्हणजे ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस, समाजाने स्वतः चालवलेले दवाखाने, ज्यातला पहिला रेडफर्नला १९७१ मध्ये सुरू झाला. लोक हॉस्पिटलबद्दल खरं काय बोलतात ते या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला तुमच्या सगळ्या कन्सल्टंटपेक्षा जास्त माहीत असतं.

आता पेशंट. सिडनीपासून लांब, आतल्या भागातल्या डबो गावाचं उदाहरण घ्या. हॉस्पिटल विराजुरी लोकांच्या जमिनीवर, पण पेशंट येतात बर्कहून, वॉलगेटहून, ब्रेवारिनाहून. बर्क ते डबो साधारण ३७० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नाशिकला जाऊन परत पाऊण वाटेवर आल्यासारखं. तिकडच्या आजीला डायलिसिसला किंवा सुनेला बाळंतपणाला आणलं तर सोबत आलेली चार माणसं रात्री कुठे झोपणार? हा प्रश्न डबोतल्या माणसाला विचारून उपयोग नाही, बर्कला जाऊन विचारावा लागतो. म्हणून मी नकाशावर हॉस्पिटलभोवती गोल काढत नाही, गेल्या काही वर्षांचे पेशंट कुठल्या पोस्टकोडचे होते ते काढून घेतो आणि त्या गावांत जातो.

कधी विचारायचं (सगळा लेख वाचायचा नसेल तर एवढंच वाचा)

हॉस्पिटलचा प्रवास साधारण असा असतो: आधी क्लिनिकल सर्व्हिसेस प्लॅन म्हणजे कुठल्या सेवा आणि किती बेड, मग जागा, मग मास्टरप्लॅन, मग कॉन्सेप्ट डिझाइन, मग स्किमॅटिक, मग डिटेल, मग बांधकाम. प्रत्येक टप्प्यावर काही दारं कायमची बंद होतात. सर्व्हिसेस प्लॅन सही झाला की "इथे डायलिसिस हवं होतं" म्हणण्याला अर्थ उरत नाही. मास्टरप्लॅन झाला की मुख्य दरवाजा कुठल्या बाजूला, बसस्टॉपपासून किती लांब, आत आल्या आल्या सिक्युरिटीवाला दिसतो की मोकळं अंगण दिसतं, हे ठरून गेलेलं असतं. स्किमॅटिकनंतर खोल्यांची मापं हलत नाहीत. डिटेल डिझाइनमध्ये जे उरतं ते रंग, फरशी, पाट्या आणि पेंटिंग. नव्वद टक्के प्रोजेक्ट ॲबोरिजिनल लोकांकडे याच टप्प्यावर जातात, हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नाही, पण इंडस्ट्रीतल्या कोणालाही विचारा.

म्हणून पहिली भेट सर्व्हिसेस प्लॅनच्या मसुद्याआधी. हातात कागद नको.

जागेचं तर अजूनच नाजूक असतं. ट्वीड व्हॅली हॉस्पिटलचं बघा, २०१८ मध्ये कडजेनच्या सुपीक शेतजमिनीवर बांधणार असं जाहीर झालं, लोक भडकले, मग दुसऱ्या जागा सुचवायला पुन्हा मुदत दिली, आणि अखेरीस ठरलं कडजेनच. हॉस्पिटल मे २०२४ मध्ये सुरू झालं. जागा बरोबर की चूक या वादात मी पडत नाही, पण एकदा नाव जाहीर झालं की नंतरच्या मुदतीवर कोण विश्वास ठेवणार? जाहीर करायच्या आधी चार जागांचे फायदे-तोटे लोकांसमोर ठेवणं जड जातं, जमिनीच्या किमतीच्या भीतीने सगळं गुपचूप चालतं, मान्य आहे. तरी निदान निकष तरी आधी ठरवा लोकांना घेऊन. पुरात रस्ता बंद होतो का, बस येते का, त्या जागेवर पूर्वी काय घडलंय.

आणि इथेच एक सापळा आहे. जमिनीखाली ॲबोरिजिनल वारसा असू शकतो म्हणून राज्याच्या २०१० च्या नियमांनुसार वेगळी कन्सल्टेशन होते, त्यात नाव नोंदवायला किमान १४ दिवस आणि अहवालाचा मसुदा वाचायला किमान २८ दिवस द्यावे लागतात, आर्किऑलॉजिस्ट येतात, खड्डे खणतात, दगडी अवजारं निघाली तर नोंद होते. उत्तम. पण प्रोजेक्ट मॅनेजर या कामाची टिक बघतो आणि म्हणतो "कन्सल्टेशन झालं." अरे, ते जमिनीत काय पुरलंय त्याबद्दल होतं, बेडवर कोण झोपणार त्याबद्दल नव्हतं. दोन्ही वेगळे, दोन्ही करा.

पैसे, लाजू नका

एक हिशोब सांगतो. मीटिंगमध्ये आठ जण बसलेत, त्यातले सहा तासाच्या रेटवर, फसाड (इमारतीची दर्शनी बाजू) कन्सल्टंटसुद्धा. ज्या एल्डरकडून (समाजात मान असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीकडून) सगळ्यात मोलाची माहिती येणार आहे तिला मिळतं सँडविच. हे चालणार नाही. बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळी ओळ हवी: सिटिंग फी, पेट्रोल किंवा टॅक्सी, जेवण, सोबत येणाऱ्या नातवंडाला सांभाळायची सोय. आणि पैसे त्याच आठवड्यात पोचले पाहिजेत. सरकारी व्हेंडर फॉर्म भरून घेऊन तीन महिन्यांनी पैसे देणं म्हणजे पुढच्या मीटिंगला कोणी येणार नाही याची सोय. वेलकम टू कंट्री, म्हणजे आपल्या जमिनीवर पाहुण्यांचं स्वागत, करायला एखाद्या एल्डरला बोलावता त्याचीही वेगळी फी असते. (वेलकम फक्त त्या जमिनीचे लोक करू शकतात. तुम्ही-मी करतो ते अक्नॉलेजमेंट, म्हणजे जमीन त्यांची हे मानाने बोलून दाखवणं. यात गोंधळ घातलात तर पहिल्या मिनिटालाच हसू होईल.)

बैठक कशी घ्यायची

त्यांच्या जागेत. हॉस्पिटलच्या बोर्डरूममध्ये नाही, कारण हॉस्पिटल हीच अनेकांची भीती. लँड काउन्सिलचा हॉल, मेडिकल सर्व्हिसचं अंगण, नदीकाठचं पार्क, जिथे ते म्हणतील तिथे. पहिल्या भेटीत अजेंडा जवळपास नकोच, चहा घ्या, कोण कुठला, कोणाचे कोण, यावर अर्धा तास जातो आणि जाऊ द्या, आपल्याकडे गावी गेल्यावर "कुठले तुम्ही, कोणाचे तुम्ही" होतं ना, अगदी तसंच. इथे याला यार्निंग म्हणतात. कोणी बोलता बोलता गप्प झालं तर ती शांतता भरून काढू नका. मला पहिली दोन वर्षं हे जमलं नाही, आपण पडलो बडबडे.

बाकी लक्षात ठेवायच्या गोष्टी भराभर सांगतो. एल्डर्सना आन्टी, अंकल म्हणतात पण तो मान आहे, आपल्यासारखं रिक्षावाल्यालाही काका म्हणायची सवय इथे आणू नका, त्यांच्यातलं कोणी तशी ओळख करून देईल तेव्हा म्हणा. बाळंतपण, स्त्रियांचे आजार हे विमेन्स बिझनेस, तिथे पुरुष आर्किटेक्ट नको, आणि उलटही तसंच, म्हणून एक बैठक बायकांची, एक पुरुषांची वेगळी ठेवा. समाजात मृत्यू झाला की सॉरी बिझनेस सुरू होतो, त्या दिवसांत बैठक रद्द, "प्रोग्रॅम स्लिप होतोय" हे तोंडातून काढू नका. वेळापत्रकात तेवढी ढील आधीच ठेवा. गेलेल्या माणसाचं नाव किंवा फोटो विचारल्याशिवाय वापरायचा नाही. आणि जुलैतला नेडॉक वीक, म्हणजे ॲबोरिजिनल संस्कृतीचा उत्सवी आठवडा, टाळा, वर्षभर न आठवलेल्या सगळ्या ऑफिसांना त्याच आठवड्यात एल्डर्स हवे असतात.

आता काय दाखवायचं. पॉवरपॉइंट नको, प्लॅनही नको निदान सुरुवातीला, कारण प्लॅन वाचणं हे आपल्या धंद्यातलं कौशल्य आहे, डॉक्टरांनाही नीट येत नाही. मी मास्किंग टेप नेतो. एका बेडच्या खोलीचं माप साधारण १५ चौरस मीटर धरतात, बाथरूम वेगळं. हॉलच्या जमिनीवर तेवढा चौकोन टेपने काढायचा, मध्ये एक टेबल ठेवायचं बेड म्हणून, आणि म्हणायचं "या आत."

एका रीजनल प्रोजेक्टवर आम्ही हे केलं तेव्हा एक सत्तरीच्या आन्टी आत आल्या, टेबलाकडे बघितलं, मग काही न बोलता भिंतीकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकेक ओढून आणायला लागल्या. एक नवऱ्याची, एक मुलीची, दोन बहिणींच्या, एक पुतण्याची जो सिडनीहून येणार. सातव्या खुर्चीला दार उघडेना, म्हणजे टेपवरचं दार. आमची नर्स मॅनेजर ट्रॉली ढकलल्यासारखं करून दाखवत होती, ट्रॉली जाणार कुठून? आन्टी म्हणाल्या, मग आम्हाला बाहेर काढता तुम्ही, आणि बाहेर कुठे, तर त्या कॉरिडॉरमध्ये जिथे गार्ड विचारतो की इथे का थांबलात. सगळे गप्प. त्यांनी अजून एक विचारलं, माणूस जायच्या वेळी त्याला आकाश दिसेल का.

या दोन प्रश्नांतून त्या वॉर्डचा अख्खा प्लॅन बदलला. खोली मोठी करायला पैसे नव्हते, ते मी तिथेच सांगितलं. पण टोकाच्या दोन खोल्या तळमजल्यावर अंगणाच्या बाजूला आल्या, बेड बाहेर ढकलता येईल एवढं दार, बाहेर छप्पर आणि बाक, आणि तिथून थेट पार्किंगला वाट, म्हणजे वीस माणसं आली तरी मुख्य लॉबीतून कोणाच्या नजरा झेलत यावं लागू नये.

जुनं दुखणं वर येणार

हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला बरं व्हायची जागा आठवते. इथे अनेक घरांत हॉस्पिटल म्हणजे जिथून बाळ नेलं ती जागा. १९१० च्या आसपासपासून १९७० च्या दशकापर्यंत सरकारी धोरणाने मुलं आईबापांपासून तोडली गेली, त्यावरचा 'ब्रिंगिंग देम होम' अहवाल १९९७ चा, आणि संसदेत माफी मागितली गेली १३ फेब्रुवारी २००८ ला. म्हणजे ज्या आजी तुमच्या बैठकीत बसल्यात त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट आहे ही. आजही ॲबोरिजिनल पेशंट उपचार पूर्ण व्हायच्या आधी हॉस्पिटल सोडून जाण्याचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट आहे, आणि २०२०-२२ च्या आकड्यांनुसार ॲबोरिजिनल पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षं, बाकीच्यांपेक्षा ८.८ ने कमी. हे आकडे त्यांना ऐकवू नका, त्यांना माहीत आहेत, तुमच्या स्टिअरिंग कमिटीला ऐकवा जेव्हा ते विचारतील की अंगणावर एवढा खर्च का.

बैठकीत कोणी चिडलं, रडलं, तर समुपदेशक आधीच बोलावून ठेवलेला असावा, आणि मिनिट्समध्ये त्या गोष्टी नावानिशी लिहू नका. कोणाची गोष्ट, कोणी कुठे वापरायची, हे विचारून घ्या.

ऐकलेलं कागदावर कसं आणायचं

इथे सगळं वाया जातं. छान बैठक होते, फोटो निघतात, अहवाल येतो, त्यात "कनेक्शन टू कंट्री महत्त्वाचं" असं वाक्य येतं, आणि ड्रॉइंगमध्ये एक रेषही हलत नाही. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच.

मी एक साधी वही ठेवतो, एक्सेलच आहे पण आम्ही वहीच म्हणतो. पहिल्या कॉलममध्ये त्यांचं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्यात कुठल्या ड्रॉइंगवर परिणाम. तिसऱ्यात कोण करणार. चौथ्यात झालं की नाही, आणि नाही तर का. चौथा कॉलम घेऊन त्याच हॉलमध्ये परत जायचं. "हे जमलं नाही, पैसे नव्हते" हे ऐकून लोक नाराज होतात पण पुन्हा येतात, काहीच न कळवल्यावर येत नाहीत.

उदाहरणार्थ, स्मोकिंग सेरेमनी. बाळ जन्मल्यावर, कोणी गेल्यावर, पानांचा धूर करतात. आर्किटेक्ट लिहितो "सेरेमनीसाठी जागा" आणि खूश. पण खरा प्रश्न फायर इंजिनिअरचा आहे: तिथला स्मोक डिटेक्टर वेगळा बंद करता येतो का, कोण बंद करणार, रात्री दोन वाजता त्याला कुठे शोधायचं? हे डिझाइनमध्ये आलं नाही तर पहिल्याच सेरेमनीला फायर ब्रिगेड येते आणि पुन्हा कोणी करत नाही. तसंच शवागाराशेजारच्या दर्शनाच्या खोलीचं, ती चार माणसांपुरती काढतात, येतात तीस. तसंच भाषेतल्या पाट्यांचं, शब्द कुठला, स्पेलिंग कुठलं, परवानगी कोणाची, हे ठरायला महिने लागतात, आणि तो शब्द त्या समाजाचा आहे, तुम्ही उद्या तो कॅन्टीनच्या मगवर छापू शकत नाही, हे करारात लिहा.

राज्याच्या गव्हर्नमेंट आर्किटेक्टचं 'कनेक्टिंग विथ कंट्री' हे मार्गदर्शन आहे, २०२० मध्ये मसुदा आणि २०२३ मध्ये पक्कं झालं, ते वाचा. आणि सरकारं आणि ॲबोरिजिनल संघटना यांच्यातल्या २०२० च्या 'क्लोजिंग द गॅप' करारातली पहिली प्रायॉरिटी रिफॉर्म सोबत ठेवा, त्यात सल्लामसलत नाही, निर्णयात वाटा असं म्हटलंय. याचा सरळ अर्थ, स्टिअरिंग कमिटीवर मत असलेल्या ॲबोरिजिनल जागा, आणि एक नाही, किमान दोन. एकट्या माणसावर अख्ख्या समाजाचं ओझं टाकू नका.

बाकीचे स्थानिक, आणि त्यात आपण

शेजारी, शाळा, दुकानदार, ॲम्ब्युलन्सवाले, अपंगांच्या संघटना, सगळ्यांना बोलवा, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. ३ कोटी डॉलरच्या वरचं हॉस्पिटल सहसा राज्याच्या पातळीवर मंजुरीला जातं, त्याची कागदपत्रं किमान २८ दिवस लोकांसाठी खुली असतात आणि कोणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतं. पार्किंगवर शंभर पत्रं येतात, बाकी कशावर नाही, हा अनुभव.

आपल्या मंडळींना मात्र एक सांगायचंय. आपणही स्थानिक आहोत, आईबाबा भारतातून आलेले असतात, त्यांना शाकाहारी जेवण, दुभाषी, भेटायला येणारे दहा जण, या आपल्या गरजा खऱ्या आहेत, कन्झ्युमर रेप (पेशंट आणि नातेवाइकांचा प्रतिनिधी) म्हणून नाव द्या, जरूर द्या. पण "मल्टिकल्चरल" या खुर्चीत ॲबोरिजिनल लोकांना आपल्यासोबत कोंबायचा प्रयत्न झाला तर आपणच उठून सांगायचं की हे वेगळं आहे. आपण इथे विमानाने आलो, व्हिसा घेऊन. त्यांची जमीन आहे ही. मी एका बैठकीत हे बोललो तेव्हा शेजारच्या लेबनीज बाईंनी मान डोलावली आणि दोन वेगळे ग्रुप झाले, पाच मिनिटांचं काम.

उघडल्यावर

रिबन कापली की टीम पांगते, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत जायचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि त्याच माणसांना विचारा.

त्या टोकाच्या दोन खोल्यांना आम्ही सहा महिन्यांनी गेलो. अंगण छान झालं होतं, बाकावर ऊन होतं, आणि बाहेरचं दार बंद. सिक्युरिटीने अलार्म लावला होता, स्टाफच्या कार्डाशिवाय उघडत नव्हतं, आणि रात्रीच्या स्टाफला ते दार कशासाठी आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. तोवर त्या खोल्यांत तीन माणसं वारली होती. आन्टींनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं की वहीत लिहिलंस का. लिहिलं. अलार्म काढायला अकरा दिवस आणि दोन फॉर्म लागले, आता कार्ड ॲबोरिजिनल लायझन ऑफिसरकडे (हॉस्पिटल आणि समाज यांच्यातला दुवा) असतं आणि एक नर्सेस स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये, वर टेप लावून लिहिलंय "अंगण".